रूपसिंगचे रणगाडे

रूपसिंग राठोड फौजेतून कायमचा घरी आला तो एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, नोकरीची पाच वर्षं शिल्लक असताना. "लई झाली नोकरी," तांड्यावर जो भेटेल त्याला तो सांगे, "पेन्शन घेतली आन् आलो." सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यापलीकडे, हट्टा गावापासून दोन कोसांवर त्यांचा पन्नास-साठ घरांचा बंजाऱ्यांचा तांडा. तिथून फौजेत गेलेला तो पहिलाच माणूस. तो खोटं बोलत असेल अशी शंका घ्यायचं कुणाला कारण नव्हतं.

खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, रुक्माबाईला कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. तिनं त्याच्या हातात चहाची कपबशी दिली आणि कप बशीवर खडखड वाजायला लागला. रूपसिंगनं घाईघाईनं कप खाली ठेवला, उजवा हात मांडीखाली दाबला आणि दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"कव्हापासून?" तिनं विचारलं.

"दीड वर्ष झालं."

मग त्यानं सगळं सांगितलं. फौजेत तो रणगाड्यांचा फिटर होता. हात थरथरायला लागला तेव्हा त्यानं तो महिनोन् महिने लपवला. एके दिवशी इंजिन वर उचलताना साखळीचा आकडा त्याच्या हातून सुटला आणि खाली उभ्या असलेल्या एका जवानाचा पाय घोट्यापासून चेंदला. डॉक्टरांचं बोर्ड बसलं. त्यांनी त्याला हात पुढं करायला सांगितलं, पुढं केलेल्या हाताकडे मिनिटभर पाहिलं आणि कागदावर सही केली.

"हे तुझ्यात आन् माझ्यात," रूपसिंग म्हणाला. "पोरीलाबी कळायला नको."

पोरगी, पुजा, तेव्हा सहा वर्षांची होती. रुक्माबाईनं मान हलवली. नवऱ्याची झाकली मूठ झाकलीच ठेवायची, हे तिला पदर सावरण्याइतकं सवयीचं होतं. आपण काही मोठं वचन देतोय असं तिला वाटलंही नाही.

त्याच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली सात खोकी होती. प्रत्येकावर रणगाड्याचं रंगीत चित्र. वर्कशॉपातल्या एका साहेबाला जुन्या, हलक्या रणगाड्यांचा नाद होता; पहिल्या महायुद्धातले, नाहीतर इंग्रजांच्या अमदानीतले, दोन-चार माणसं मावतील असे. विलायतेतून त्यांची छोटी प्लास्टिकची मॉडेलं मागवून तो ती जोडत बसायचा. रूपसिंगला निरोप देताना त्यानं ही खोकी त्याच्या हवाली केली. म्हणाला, "बारीक काम करत राहा. हाताला वळण लागेल."

रूपसिंगनं पहिलं खोकं उघडलं ते फ्रेंचांच्या रणगाड्याचं. एकोणीसशे सतरा सालचा, दोन माणसांचा, मागं खंदक ओलांडायला विंचवासारखी शेपूट. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या. झाडाला कैऱ्या लटकाव्यात तसे त्या चौकटींना सुटे भाग लटकलेले, आणि प्रत्येकापाशी बारीक आकडा. सोबत घड्या घातलेला कागद. ब्लेडनं भाग सोडवायचा, कडा घासायची, चित्रात दाखवल्या जागी चिकटवायचा. सगळं मिळून रणगाडा वीतभरही नव्हता.

चार दिवस तो बसला. पाचव्या दिवशी एक चाक बोटांतून उडून चुलीच्या राखेत गेलं आणि डिंकाचा ओघळ रणगाड्यावरून खाली आला, मेणबत्तीसारखा. रूपसिंगनं सगळं खोक्यात कोंबलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

रुक्माबाईनं राख चाळून चाक काढलं. फुंकून, पदरानं पुसून तिनं ते चित्राशी ताडून पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं. पण आकडे येत होते, एसटीचे, तिकिटाचे, शेताच्या गटाचे. आणि त्या कागदावर अक्षराचं काम फारसं नव्हतंच. चित्र, बाण, आकडा. तिच्या आईनं तिला लहानपणी कांचळीवरचा, म्हणजे चोळीवरचा कशिदा शिकवला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा आरसा चोवीस टाक्यांत बसवायचा, एक टाका इकडचा तिकडे झाला तर फटका. तिनं पायातला काटा काढायचा चिमटा घेतला, चाक धरलं आणि जागेवर ठेवलं.

"हे बराबर हाय का?" तिनं विचारलं.

रूपसिंग कूस बदलून उठून बसला. बराच वेळ बघत राहिला. "उलटं बसवलं," तो म्हणाला. "बाहेरून फुगीर बाजू पाहिजे."

तिथून ते सुरू झालं. आधी ती नुसती धरायची आणि तो चिकटवायचा. मग तो धरायचा आणि ती चिकटवायची. वर्षा-दोन वर्षांत सगळंच काम तिच्या हाताखाली आलं आणि तो शेजारी उकिडवा बसून सांगायला लागला. आणि त्याला सांगायला कितीतरी होतं. चिखल कुठं साचतो आणि वाळल्यावर कुठून आधी झडतो. धुराड्याजवळचा पत्रा कसा काळा नाही तर तांबूस पडतो. कुठल्या झाकणावर ड्रायव्हरचा पाय पडून पडून रंग जातो. ते सगळं ती वसमतहून आणलेल्या रंगांच्या छोट्या डब्यांतून, चार केस सोडून बाकी कापलेल्या ब्रशानं, त्या वीतभर जागेत उतरवायची. साखळीच्या कड्या नखाएवढ्या, एका बाजूला बत्तीस. बत्तीस आणि बत्तीस चौसष्ट कड्या तिनं एका आठवड्यात ओवल्या.

हे चालायचं दुपारी, शेतातलं काम नसेल तेव्हा. वाऱ्यानं भाग उडतात म्हणून दार लोटलेलं असे. त्या दुपारी रूपसिंग हसायचा. एरवी तो तांड्यावर ताठ, कमी बोलणारा, हात कायम पाठीमागं बांधलेला माणूस होता, पण त्या लोटलेल्या दाराआड तो बायकोला म्हणायचा, "रुक्मा, तू फौजेत असतीस तर सुभेदार झाली असतीस." आणि ती म्हणायची, "गप बसा. हात हलतो माझा." मग दोघंही खाली कामाकडे बघत, कारण हात हलतो हे शब्द त्या घरात जपून वापरायचे होते.

दाराशी कुणाची चाहूल लागली की ती उठून चुलीपाशी जाई आणि रणगाडा आपसूक रूपसिंगच्या पुढ्यात येई. हे कधी ठरवलेलं नव्हतं. येणारा माणूस वाकून बघे, "बाप रे, काय हात हाय फौजीचा!" म्हणे आणि रूपसिंग खाली बघून हसे. पहिल्या वेळी रुक्माबाईलाही त्याची गंमतच वाटली होती.

नव्याण्णव सालापर्यंत पाच रणगाडे तयार होऊन फळीवर ओळीनं उभे होते. पुजा चौदा वर्षांची झाली होती, हट्ट्याच्या एका शाळेत नववीला होती. आई काय करते हे ती रोज डोळ्यांनी बघत होती. ते बाहेर बोलायचं नाही असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे बापाचा हात. त्यानं तो पोरीसमोरही इतका जपला होता की, बा डाव्या हातानं जेवतात ती त्यांची सवय, असंच ती समजून होती.

त्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली. गावोगाव फौजींचे सत्कार सुरू झाले. पुजाच्या शाळेतले हरीश सर, उत्साही, नुकतेच नोकरीला लागलेले, सायकल मारत तांड्यावर आले. फळीवरचे रणगाडे त्यांनी एकेक करून उचलून पाहिले. पंधरा ऑगस्टला शाळेत ह्याचं प्रदर्शन मांडायचं, नांदेडहून एक निवृत्त कर्नलसाहेब पाहुणे येणार, रूपसिंगचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा, असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

"आन् माहिती तुमची लेकच सांगेल," ते रूपसिंगला म्हणाले. "वर्गात पहिली येती. बोलायला धीट हाय."

रूपसिंगनं हो म्हटलं. रुक्माबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. पोरगी तिथं काय सांगून बसेल, अशी शंका तिला आली. पण ते सरांसमोर बोलायची जागा नव्हती, आणि सर गेल्यावर रूपसिंग इतका खुशीत होता की तिनं बोलायचं टाळलं.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात मंडप होता. पांढऱ्या चादरीवर पाच रणगाडे. सगळ्यांत पुढं तो शेपटीवाला फ्रेंच, त्यामागं इंग्रजांचे तीन, मग अठ्ठेचाळीस साली आपल्या फौजेनं झोजी खिंडीत चढवला तसला स्टुअर्ट. रुक्माबाई बायकांत सतरंजीवर बसली होती. इथून तिला एकेक कडी दिसत नव्हती, पण कुठली कडी दोनदा तुटली होती ते तिला पाठ होतं.

कर्नलसाहेब उंच, पांढऱ्या मिशांचे होते. भाषणाआधी ते टेबलापाशी गेले, चष्मा चढवला, फ्रेंच रणगाडा तळहातावर घेतला आणि उलटा करून पाहिला. पोटाखाली, डिंकात अडकून राहिलेला, हळदीचा पिवळा ठसा होता अंगठ्याचा. तो रणगाडा जोडला त्या मोसमात रुक्माबाई हळद शिजवायला जात होती. धुऊनही बोटं पिवळीच राहायची. कर्नलसाहेबांनी तो छोटा ठसा पाहिला. मग रूपसिंगच्या रुंद पंजाकडे पाहिलं, जितका पाठीमागून दिसत होता तितका. रणगाडा त्यांनी हळूच जागेवर ठेवला आणि जाऊन खुर्चीत बसले.

पुजाला माइकपाशी बोलावलं. दोन वेण्या, इस्त्रीचा निळा फ्रॉक. तिनं प्रत्येक रणगाड्याचं नाव सांगितलं, साल सांगितलं, आत किती माणसं बसत ते सांगितलं. टाळ्या झाल्या. मग ती, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, "आणि हे सगळे रणगाडे माझ्या याडीनं बनवले आहेत."

याडी म्हणजे आई, हे कुणीतरी मागं कुणाला तरी समजावून सांगितलं आणि मंडपात हसू फुटलं. दुष्टाव्याचं नव्हतं ते हसू, करमणुकीचं होतं. बंजारणीनं रणगाडा बनवला! पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, "मग विमान कुणी बनवलं, आज्जीनं?"

पुजाला वाटलं लोकांना नीट ऐकू आलं नाही. ती माइकच्या आणखी जवळ गेली. "खरंच. बा सांगतात आणि याडी करते. मी रोज बघते."

हरीश सरांनी हसतच रूपसिंगकडे पाहिलं. "काय म्हणते पोरगी?"

रूपसिंग उठला. चेहरा लालबुंद झाला होता. "लेकरू हाय सर," तो म्हणाला. "आईचं वेड हाय तिला. तिच्या आईला एबीसीडी येत न्हाई, ती काय रणगाडा करणार?"

पुन्हा हसू. पण पुजा हटली नाही. ती माइक सोडून मंडपाच्या बायकांच्या बाजूला बघायला लागली. "याडी, सांग ना," ती म्हणाली. "तू सांग."

सगळ्यांचे डोळे रुक्माबाईकडे वळले. हरीश सर म्हणाले, "सांगा बाई, तुमीच सांगा. काय खरं?"

रुक्माबाई उभी राहिली. तिला पोरगी दिसत होती, मान वर करून उभी. तिच्या तोंडावर भीती नव्हती, कारण आई आता सांगणार ह्याची तिला खात्री होती. आणि व्यासपीठाच्या बाजूला, सरांकडे वळून उभ्या रूपसिंगचे पाठीमागं बांधलेले हात दिसत होते. डाव्यानं उजव्याचं मनगट आवळून धरलं होतं आणि तरी उजव्याची बोटं हलत होती. आत्ता मी हो म्हटलं तर हे लोक ह्यांना इथंच एक चाक जोडून दाखवा म्हणतील, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मला काय येतंय त्यातलं? हे सगळं त्यांचंच काम हाय. पोरगी उगं बोलून राहिली."

पुजानं आईकडे पाहिलं. 

पुढचं फार लवकर झालं. हरीश सर माइकवर आले आणि म्हणाले की आईवर प्रेम असावं, पण सैनिक असलेल्या बापाचं श्रेय खोटं बोलून हिरावून घेऊ नये, आणि पुजानं सगळ्यांसमोर वडिलांची माफी मागावी. पुजानं माफी मागितली. आवाज अजिबात कापला नाही तिचा. कर्नलसाहेबांनी रूपसिंगच्या खांद्यावर शाल घातली. भाषणात ते शौर्याबद्दल बोलले, रणगाड्यांबद्दल फार थोडं बोलले, आणि पिवळ्या ठशाबद्दल काहीच बोलले नाहीत. रूपसिंगनं पाचही रणगाडे शाळेला भेट देऊन टाकले. बायकोला विचारलं नाही. विचारणार तरी कसा, चारशे माणसांसमोर?

 घरी जाताना कालव्याच्या पुलावर रूपसिंग बैलगाडीतून तांड्याच्या नाईकाशी बोलायला उतरला तेव्हा पुजानं विचारलं, "याडी, तू खोटं काहून बोललीस?"

"तुझ्या बाची इज्जत होती, बाई. तुला न्हाई कळायचं."

"आन् माझी?"

 चौदा वर्षांच्या पोरीलाही इज्जत असते, हे रुक्माबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शाळेत पुजाचं नाव पडलं 'रणगाडेवाली'. नंतर नुसतं 'फेकाडी'. वही हरवली म्हणाली तरी मुलं हसत, पोटात दुखतंय म्हणाली तरी बाई विश्वास ठेवत नसत. ती घरी येऊन काही सांगत नसे. तांड्यातल्या दुसऱ्या पोरींकडून रुक्माबाईला कळत गेलं. दिवाळीच्या आधी तिनं रूपसिंगपाशी विषय काढला.

"लोकांसमोर नका सांगू. एकट्या हरीश सरांच्या कानावर घाला. दोघांनी मिळून केलं म्हणा. खोटंबी न्हाई ते."

 रूपसिंग म्हणाला, "दोघांनी म्हटलं की इचारतील तुमी काय केलं. झालं ते झालं. आता कशाला उकरायचं? पोरं चार दिवस चिडवतात आन् इसरतात."

"पोरगी न्हाई इसरणार."

"मंग तू काहून न्हाई म्हनलीस?" तो एकदम ओरडला. "तुला कुणी तोंड दाबलं होतं? मी म्हनलो होतो का तुला, न्हाई म्हन?"

हे खरं होतं. त्यानं म्हटलं नव्हतं. तिनं आपल्या मनानं केलं होतं, आणि ते त्यानं असं तिच्या पदरात परत टाकलं. त्या दिवसापासून रुक्माबाईनं चिमट्याला हात लावला नाही. सहाव्या खोक्यातला रणगाडा अर्धा जोडून फळीवर राहिला.

एका दुपारी ती रानातून लवकर आली तर दार लोटलेलं होतं. फटीतून तिनं पाहिलं. रूपसिंग एकटाच त्या अर्ध्या रणगाड्यापुढं बसला होता. चिमट्यात एक चाक होतं आणि ते चाक भुंग्यासारखं थरथरत होतं. तो जागेशी नेई, चुके, पुन्हा नेई. चाक पडलं. त्यानं जमिनीवर हात फिरवून शोधलं, पुन्हा उचललं. पुन्हा पडलं. रुक्माबाई दाराबाहेर उभी राहिली. आत जाऊन ते चाक बसवायला तिला एवढासाही वेळ लागला नसता. ती गेली नाही. मागं फिरून ती हापशावर गेली आणि गरज नसताना दोन घागरी पाणी भरून आणलं. आपण इतक्या कठोर होऊ शकतो हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्याचं तिला वाईट वाटलं नाही, हेही कळलं.

नववीची परीक्षा झाल्यावर पुजा मामाकडे, नरसिंगकडे नांदेडला निघून गेली. तिथंच दहावी, बारावी, मग नर्सिंगचा कोर्स. सुट्टीला येई, दोन दिवस राही, घर झाडून काढी, आईच्या पाया पडे. "बरी हायेस?" "बरी हाय." "पैसे लागतात का?" "न्हाई." भांडण कधीच झालं नाही. रुक्माबाईला कित्येकदा वाटे, भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि ज्या गोष्टीसाठी हे सगळं झालं, ती गोष्ट काही वर्षांतच उघडी पडली. दोन हजार चार साल उजाडेपर्यंत रूपसिंगचे दोन्ही हात हलायला लागले, मग मान, मग हनुवटी. पाठीमागं बांधून ते झाकण्यातलं राहिलं नाही. वसमतच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. आता सगळा तांडा बघत होता. रुक्माबाई वाट बघत होती, आता तरी रणगाडे कुणी केले असतील हे कुणाच्या डोक्यात येईल, कुणी विचारेल. पण लोक म्हणाले, "इतकं बारीक काम! वर्षानुवर्षं! हात जाणारच न्हाईतर काय. बिचाऱ्यानं कलेपायी हात घालवले."

रूपसिंगनं ते ऐकलं आणि नाही म्हटलं नाही.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात पुजा वडलांच्या गोळ्या घेऊन आली होती. आता ती तेवीस वर्षांची, नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स. बापाला तिनं न्हाऊ घातलं, नखं कापली, दुधात भाकरी कुस्करून भरवली. जाताना रुक्माबाई तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली. एसटीची वाट बघताना शेजारच्या एका म्हाताऱ्यानं पुजाला ओळखलं. "तू रूपसिंग फौजीची लेक ना? ती रणगाड्यांवरून खोटं बोललेली?" तो मायेनं हसला. पुजाही हसली आणि म्हणाली, "व्हय बाबा. तीच मी."

ते हसणं रुक्माबाईला सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीला, मनकर्णाला, रूपसिंगजवळ बसवून ती पायीच हट्ट्याला गेली.

हरीश सर आता मुख्याध्यापक झाले होते. त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात पाच रणगाडे होते, खाली पाटी. पाटीवर काय लिहिलंय ते तिला वाचता आलं नाही, पण अंदाज होता. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नवऱ्याचा हात आधीपासूनच गेलेला होता. रणगाडे तिनं केले. पोरगी खरं बोलली होती, खोटं ती स्वतः बोलली होती.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "कोणती पुजा?" त्यांनी विचारलं. तिनं साल सांगितलं, निळा फ्रॉक सांगितला. "हां हां, असेल," ते म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग ते जरा पुढं वाकले.

"बाई, तुमी आई हायेत. पोरीची बाजू घेणारच. पण रूपसिंगभाऊंनी ह्या कामापायी हात गमावले, आन् आज त्यांची ही तकलीफ चालू असताना त्यांचं एवढं एक नाव हाय ते तुमी... बरं दिसत न्हाई ते."

"मी करून दाखवते," रुक्माबाई म्हणाली. "घरी एक खोकं अजून तसंच हाय. तुमच्यासमोर करते."

"त्याची काही गरज न्हाई," सर म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. "जाऊ द्या. कुणाच्या मनात न्हाई आता ते."

बाहेर येऊन तिनं एसटीडीवरून नांदेडला फोन लावला. पुजा ड्यूटीवर होती, मागं ट्रॉलीचा आवाज येत होता.

"हरीश सरांना सांगून आले मी," रुक्माबाई म्हणाली. "तू खरं बोलली होतीस म्हून."

पलीकडे ट्रॉलीचा आवाज लांब गेला.

"पुजा?"

"ऐकून राहिले याडी." मग हळू आवाजात, राग नसलेल्या, "तवा मी चौदा वर्षांची होते. तवा पाहिजे होतं गं मला ते. आता त्याचं मी काय करू?" आणि थोडं थांबून, "बाच्या सकाळच्या गोळ्या वाढवल्यात, अर्धीची एक. इसरू नको. ठेवते."

रुक्माबाई घरी पोहोचली तेव्हा ऊन कलत होतं. मनकर्णा उठून गेली. रुक्माबाईनं पाण्यात भिजवून भाकरी मऊ केली, वाटी घेऊन रूपसिंगच्या बाजेपाशी बसली. त्याची मान हलत होती, डोळे मात्र तिच्यावर स्थिर होते.

"कुठं... गेलतीस?"

"हट्ट्याला. शाळेत." तिनं घास केला. "सांगून आले. रणगाडे मी केले म्हून. तुमचा हात आधीच गेलता म्हून."

त्याचे डोळे मोठे झाले. हनुवटी जास्तच हलायला लागली. त्यानं एकेक शब्द जुळवला.

"सर... काय म्हनले?"

"इश्वास न्हाई बसला त्यांचा."

रूपसिंगनं श्वास सोडला. खांदे खाली आले, कपाळावरच्या आठ्या गेल्या. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या तोंडावरची सुटका ओळखायला वेळ लागत नाही. तिनं ती पूर्ण बघितली. मग डाव्या हातानं त्याची हनुवटी घट्ट धरली आणि उजव्या हातानं घास त्याच्या तोंडात ठेवला.